लैंगिक अत्याचारानंतर सोबत कशी करावी : आधार आणि पाठपुरावा सेवांविषयी मार्गदर्शन

लैंगिक अत्याचार झाल्याची गोष्ट एखादी व्यक्ती सर्वांत आधी ज्याच्यापाशी बोलते, तो माणूस बहुतेक वेळा डॉक्टर, पोलीस किंवा वकील नसतो. ती मैत्रीण असते, बहीण असते, सोबत काम करणारी सहकारी असते, आणि तिच्यापाशी त्या क्षणी ना प्रशिक्षण असते ना मनाची तयारी. पुढील मार्गदर्शन अशा माणसासाठी, तसेच आधार केंद्रात किंवा हेल्पलाइनवर नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी लिहिले आहे. मराठीत ‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे येथे सर्वत्र ‘ती’ असे येईल. परंतु अत्याचार मुलग्यांवर, पुरुषांवर आणि तृतीयपंथी व्यक्तींवरही होतात, आणि येथे सांगितलेले जवळजवळ सगळे त्यांनाही तितकेच लागू आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करावी. अत्याचाराच्या वेळी त्या व्यक्तीच्या शरीराबाबतचा निर्णय दुसऱ्याने बळजबरीने घेतलेला असतो. म्हणून त्यानंतरच्या प्रत्येक टप्प्यावर, अगदी कोणत्या खुर्चीवर बसायचे इथपासून तक्रार करायची की नाही इथपर्यंत, निर्णय तिच्याकडे राहील हे पाहणे सोबत करणाऱ्याचे मुख्य काम आहे. तिच्या भल्यासाठी म्हणून इतरांनी घाईघाईने घेतलेले निर्णय ही या कामातली सर्वांत नेहमीची चूक असून, ती बहुधा जिवाभावाच्या माणसांकडूनच होते.

पहिले बोलणे

ती बोलू लागली की आधी एवढेच विचारावे : आत्ता तू सुरक्षित जागी आहेस का, कुठे दुखते आहे का, रक्त जाते आहे का. गळा दाबला होता का, हेही अवश्य विचारावे, कारण गळ्यावर एकही खूण नसताना आतली इजा काही तासांनी किंवा दिवसांनी गंभीर होऊ शकते. आवाज बसणे, गिळताना त्रास होणे, श्वास अडखळणे किंवा थोडा वेळ शुद्ध हरपल्याचे आठवणे, यांपैकी काहीही असेल तर बाकी सर्व बाजूला ठेवून तातडीने वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

यानंतरचे काम ऐकण्याचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या हस्तपुस्तिकेत पहिल्या आधाराची पाच अंगे सांगितली आहेत : लक्ष देऊन ऐकणे, तिच्या गरजा आणि काळज्या विचारणे, आपला तिच्यावर विश्वास आहे हे तिला जाणवू देणे, तिची सुरक्षितता वाढवणे आणि पुढच्या मदतीशी तिला जोडून देणे. यांत तिसरे अंग सर्वांत कमी वेळाचे आणि सर्वांत मोलाचे आहे. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस’, ‘यात तुझी काहीही चूक नाही’, ‘आत्ता तुला काय हवं आहे?’ ही तीन वाक्ये सावकाश, डोळ्यांत पाहण्याचा आग्रह न धरता म्हणावीत आणि मग गप्प बसावे. मध्येच ती पाच मिनिटे काहीच बोलली नाही, तर ती शांतता भरून काढू नये. खांद्यावर हात ठेवण्याआधीसुद्धा ‘हात ठेवू का?’ असे विचारावे, आणि ती नको म्हणाली तर त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

‘तू तिथे गेलीसच कशाला?’, ‘ओरडली का नाहीस?’, ‘इतके दिवस का गप्प होतीस?’ हे प्रश्न कळकळीपोटी विचारले तरी ऐकणाऱ्याला ते आरोपासारखेच लागतात. त्यातल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर शरीरशास्त्रात आहे. प्रचंड भीतीच्या क्षणी माणसाचे शरीर जागच्या जागी थिजू शकते. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही, आणि हे इच्छेने थांबवता येत नाही. स्टॉकहोममधील बलात्कारपीडितांसाठीच्या आपत्कालीन चिकित्सालयात आलेल्या २९८ महिलांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ७० टक्के महिलांनी अत्याचाराच्या वेळी अशी लक्षणीय थिजलेली अवस्था अनुभवल्याचे नोंदले होते. ‘मी काहीच केलं नाही’ असे म्हणून स्वतःलाच दोष देणाऱ्या व्यक्तीला ही माहिती साध्या शब्दांत सांगितली, तर तिला मोठा दिलासा मिळू शकतो. पुरुषांच्या बाबतीत शरीराने दिलेला प्रतिसाद, म्हणजे उत्तेजना किंवा वीर्यपतन, हीसुद्धा प्रतिक्षिप्त क्रिया असते आणि तिचा संमतीशी काहीही संबंध नसतो, हे स्पष्टपणे सांगावे लागते, कारण ते स्वतःहून विचारणे बहुतेकांना जमत नाही.

घटनेचे बारीक तपशील आपण खोदून विचारू नयेत. तिला ते पुढे डॉक्टरांना, कदाचित पोलिसांना आणि न्यायालयात सांगायचे आहेत, आणि सोबत करणाऱ्याने सुचवलेले शब्द तिच्या तोंडी बसले तर नंतर उलटतपासणीत तेच तिच्याविरुद्ध वापरले जातात. तिने आपणहून जे सांगितले ते तिच्याच शब्दांत, तारीख आणि वेळ घालून टिपून ठेवावे. त्यात आपला तर्क मिसळू नये. अशी टिपणे कधी न्यायालयातही मागवली जाऊ शकतात, हे तिला आधीच सांगावे आणि तिची परवानगी असेल तरच ती ठेवावीत. आणखी एक वचन सांभाळून द्यावे, ते म्हणजे गुप्ततेचे. पीडित व्यक्ती अल्पवयीन असेल किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल, तर अनेक देशांत माहिती कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून ‘मी कुणालाही सांगणार नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘कुणाला सांगायचं असेल तर आधी तुला विचारीन किंवा निदान तुला सांगूनच करीन’ असे म्हणावे, कारण एवढे वचन पाळता येते.

वैद्यकीय मदत : वेळेचा हिशोब

तक्रार करायची की नाही हे ठरवायला आठवडे लागले तरी चालतील, पण काही उपचार तासांवर मोजले जातात, आणि हा फरक तिला स्पष्ट करून सांगणे फार गरजेचे आहे. ‘दवाखान्यात गेलो म्हणजे केस झाली’ या भीतीने कित्येक जण उपचारही टाळतात. उपचार आणि तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुग्णालयाला पोलिसांना कळवावे लागते का, याचे नियम देशोदेशी वेगळे असतात, म्हणून तो प्रश्न दारातच विचारून घ्यावा. मात्र उपचार मिळण्यासाठी आधी तक्रार दाखल करा अशी अट कुणी घालत असेल, तर तिथे सोबत करणाऱ्याने ठामपणे उभे राहावे.

एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके चांगले, सुरू करावी लागतात; ती पुढे २८ दिवस रोज घ्यायची असतात. मळमळ, थकवा यांमुळे मध्येच सोडून देण्याची वेळ येते, म्हणून रोजच्या गोळीची आठवण करून देऊ का, हे तिला विचारून ठेवणे ही सोबतीची अगदी साधी आणि उपयोगी रीत आहे. गर्भधारणा टाळण्याच्या आपत्कालीन गोळ्या ५ दिवसांपर्यंत घेता येतात, परंतु दर दिवसागणिक त्यांचा प्रभाव कमी होत जातो. तांबी बसवणे हा त्याहून प्रभावी उपाय आहे आणि तोही ५ दिवसांच्या आत करावा लागतो. मात्र त्यासाठी पुन्हा अंतर्गत तपासणी होते, हे लक्षात घेऊन तिला निवड करू द्यावी. याशिवाय हिपॅटायटिस बीची लस, जखम असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन, आणि परमा (गोनोरिया), क्लॅमिडिया, गरमी (सिफिलिस) यांसारख्या लैंगिक संबंधांतून होणाऱ्या संसर्गांवरचे प्रतिबंधक उपचार यांविषयी विचारावे. यांतले काही उपचार उशिरा आलेल्या व्यक्तीलाही मिळू शकतात. पाच दिवस उलटून गेले म्हणून जाण्यात अर्थ नाही, असे कधीही गृहीत धरू नये.

पुराव्याच्या बाबतीत नमुने घेण्याची मुदत ठिकठिकाणच्या नियमांप्रमाणे साधारण ३ ते ७ दिवसांची असते. शक्य असेल तर तपासणीपूर्वी अंघोळ करू नये, दात घासू नयेत, कपडे धुऊ नयेत. पण तिने अंघोळ केली असेल तर ‘अरेरे, असं कशाला केलंस’ असा शब्दही तोंडातून निघता कामा नये. अंघोळ करावीशी वाटणे अत्यंत स्वाभाविक आहे आणि त्यानंतरही पुरावा सापडू शकतो. त्या वेळचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत. प्लास्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत किंवा स्वच्छ कागदात गुंडाळून ठेवावा, आणि अंगावरच्या कपड्यांत जायचे असेल तर बदलायला दुसरा जोड सोबत घ्यावा, कारण अंगावरचे कपडे तिथे ठेवून घेतले जातात. खाण्यापिण्यात काही मिसळले असल्याची शंका असेल तर लघवीचा पहिला नमुना लवकरात लवकर द्यावा; काही औषधांचा अंश शरीरात अर्ध्या दिवसाहून अधिक टिकत नाही. वाटेत लघवी रोखणे अशक्य झाले तर स्वच्छ, झाकणाच्या बाटलीत धरून ठेवावी.

तपासणीच्या खोलीत

ही तपासणी कशी होते हे आधी माहीत असले की भीती बरीच कमी होते, म्हणून बाहेर वाट पाहतानाच ते तिला समजावून सांगावे, तिला ऐकायचे असेल तर. जमिनीवर मोठा कागद अंथरलेला असतो; त्यावर उभे राहून कपडे उतरवायचे, म्हणजे कपड्यांवरून गळलेले धागे, केस, माती त्या कागदात राहतात आणि तो घडी घालून जपला जातो. त्यानंतर डोक्यापासून पायापर्यंत जखमा पाहून आकृतीवर नोंदवल्या जातात, नखांखालचे नमुने घेतले जातात, कापसाच्या बोळ्याने त्वचेवरचे, तोंडातले आणि गुप्तांगाचे नमुने घेतले जातात, ते हवेत वाळवून पाकिटात घालून मोहोरबंद केले जातात आणि प्रत्येक पाकिटावर सही व वेळ पडते. या सगळ्याला काही तास लागू शकतात.

संमतीपत्रावर एकदा सही झाली म्हणजे सगळ्याला होकार झाला, असे नसते. ती एका गोष्टीला हो आणि दुसऱ्या गोष्टीला नाही म्हणू शकते, मध्येच थांबवू शकते, उपचार घेऊन पुराव्याची तपासणी नाकारूही शकते. सोबत करणाऱ्याने पलंगाच्या डोक्याच्या बाजूला, तिच्या चेहऱ्याजवळ उभे राहावे, आणि तेही तिला हवे असेल तरच. पुष्कळांना आई किंवा नवरा त्या खोलीत नको असतो, आणि हे सांगायचे धाडस होत नाही. म्हणून हा प्रश्न घरच्यांसमोर न विचारता तिला एकटीला विचारावा. परिचारिकेने ‘काय झालं?’ असे विचारले की बाजूचा माणूस चटकन उत्तर देऊ लागतो. तिथे थांबावे. ‘तू सांगतेस की मी सांगू?’ एवढे विचारून तिच्याकडे पाहावे.

कौमार्य तपासण्यासाठी योनिमार्गात बोटे घालून केली जाणारी चाचणी अशास्त्रीय आहे. तिच्यातून अत्याचार झाला की नाही हे ठरत नाही, आणि २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, संयुक्त राष्ट्रांचे मानवाधिकार कार्यालय आणि यूएन विमेन यांनी ती सर्वत्र बंद करण्याचे आवाहन केले आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०१३ मध्येच ती खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरवली होती. कुणी ती करू पाहत असेल तर नकार देण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. शरीरावर जखम नसणे याचाही अर्थ अत्याचार झाला नाही असा होत नाही, आणि अहवालात तसे काही सूचित केले जात असेल तर त्याबद्दल तेव्हाच विचारणा करावी.

सेवा शोधताना

बलात्कारपीडितांसाठीची आधार केंद्रे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत स्त्री चळवळीतून उभी राहिली, आणि तीही बहुधा एका टेलिफोनवर पाळीपाळीने बसणाऱ्या स्वयंसेविकांच्या बळावर. वैद्यकीय तपासणी, समुपदेशन आणि कायदेशीर मदत एकाच छताखाली देण्याची कल्पना पुढे रुजली : मँचेस्टरच्या सेंट मेरीज रुग्णालयात असे केंद्र १९८६ मध्ये सुरू झाले, दक्षिण आफ्रिकेत ‘थुथुझेला’ म्हणजे सांत्वन या नावाची केंद्रे आहेत, भारतात २०१५ पासून ‘सखी’ वन स्टॉप सेंटर चालतात. यामागचा हेतू हा की, तिला तीच हकिगत पाच टेबलांवर पाच वेळा सांगावी लागू नये.

केंद्र कोणतेही असो, पहिल्या फोनवरच काही गोष्टी विचारून घ्याव्यात. सेवा मोफत आहे का. माझी माहिती तुम्ही कुणाला आणि कोणत्या परिस्थितीत देता. शेवटपर्यंत एकच कार्यकर्ता सोबत राहील का. माझ्या भाषेत बोलणारे कुणी आहे का. हे फोन तिच्या स्वतःच्या मोबाइलवरून करावेत की नाही, हाही विचार करावा, कारण अत्याचार करणारा घरातलाच असेल तर कॉलची यादी तपासली जाऊ शकते. चांगली सेवा या प्रश्नांची सरळ उत्तरे देते. याउलट जिथे ‘प्रकरण मिटवून टाका’, ‘घराण्याच्या अब्रूचा विचार करा’ असा सूर लागतो, किंवा पूर्वीच्या संबंधांची चौकशी होते, तिथून निघून दुसरीकडे जावे, आणि त्या केंद्राविषयी नंतर तक्रारही करावी.

व्यक्ती बहिरी असेल, अंध असेल किंवा बौद्धिक अपंगत्व असलेली असेल, तर तिच्या आणि कार्यकर्त्याच्या मध्ये दुभाषा म्हणून नातलगाला बसवू नये. सांभाळ करणाराच अत्याचारी असण्याची शक्यता असते. मुलांच्या बाबतीत आपण स्वतः प्रश्नोत्तरे करूच नयेत. मुलाने जे सांगितले ते ऐकून, ‘सांगितलंस ते छान केलंस’ असे म्हणून, प्रशिक्षित व्यक्तीकडे त्याला न्यावे, कारण पुनःपुन्हा विचारल्याने मूल गोंधळते आणि समोरच्याला हवे ते उत्तर देऊ लागते.

तक्रार, जबाब आणि त्यानंतरचे महिने

तक्रार करण्याचे फायदे आणि त्यातला त्रास दोन्ही सांगावेत, आणि कौल तिच्यावर सोडावा. जबाब देताना विश्रांती मागता येते. लिहिलेला जबाब तिला वाचून दाखवला गेला पाहिजे. त्यात तिचे शब्द बदलून गुळगुळीत केलेले असतील तर सही करण्याआधी दुरुस्त करून घ्यावेत. ‘आठवत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. आघाताच्या आठवणी तुटक असतात. एखादा वास, भिंतीवरचा डाग लख्ख आठवतो आणि घटनांचा क्रम आठवत नाही, त्यामुळे मधल्या जागा अंदाजाने भरू नयेत. तक्रारीची प्रत, तपास अधिकाऱ्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. धमकीचे संदेश, फोटो, कॉल यांतले काहीही पुसू नये. स्क्रीनशॉट घेताना पाठवणाऱ्याचा क्रमांक आणि तारीख दिसेल असे पाहावे, आणि मूळ फोन तसाच जपावा.

मनाच्या उपचारांबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे की, सगळे एकदा बोलून टाकले म्हणजे मोकळे वाटते. सुरुवातीच्या दिवसांत घटना सविस्तर सांगायला भाग पाडणे टाळावे, असेच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. झोप उडणे, दचकणे, रागाचे झटके, शरीर बधिर वाटणे हे पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळांना होते आणि आधार असेल तर हळूहळू ओसरते. साधारण तीन महिन्यांनंतरही दैनंदिन जगणे अडून राहिले असेल, किंवा त्याआधीच ती कोलमडली असेल, तर आघातावर उपचार करण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या तज्ज्ञाकडे जाण्याविषयी तिच्याशी बोलावे. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उत्तर हो असेल तर तिला त्या रात्री एकटे ठेवू नये. आणि सोबत करणाऱ्याचीही झोप उडू शकते, याचीही दखल घ्यावी. केंद्रातल्या कार्यकर्त्यापाशी तिचे नाव न घेता स्वतःविषयी बोलण्याची मुभा त्याला असते.

खटला उभा राहिला तर खरा कस लागतो तो तारखांचा. तयारी करून, रजा टाकून, रात्रभर जागून न्यायालयात जावे आणि पुढची तारीख मिळावी, असे अनेकदा होते, आणि पहिल्या काही महिन्यांत धावून आलेली माणसे या टप्प्यावर विरळ होतात. म्हणून आधीच ठरवून घ्यावे की, कोणत्या तारखेला कोण सोबत जाणार. साक्षीच्या आधी एखाद्या दिवशी रिकामी न्यायखोली पाहून यावी : आपण कुठे उभे राहणार, आरोपी कुठे असेल, पडद्याची किंवा दूरदृश्य माध्यमातून साक्षीची सोय मिळेल का, बसायला वेगळी खोली आहे का, हे सरकारी वकिलांना विचारावे. साक्षीविषयी तिला पढवू नये. नुकसानभरपाईचा अर्ज अनेक देशांत निकालाची वाट न पाहता करता येतो, आणि त्याची मुदत उलटून जाते ती बहुधा कुणी सांगितले नाही म्हणून. तेव्हा ती मुदत पहिल्याच महिन्यात विचारून लिहून ठेवावी.

निकाल लागल्यावर, आणि कधी त्याच्याही पुष्कळ नंतर, जप्त केलेला मुद्देमाल परत घेऊन जाण्याविषयी पत्र किंवा फोन येतो. त्यात तिचे ते कपडे असतात, मोबाइल असतो, कधी एखादे कानातले असते. हे पत्र कुणाच्या पत्त्यावर यावे, वस्तू कुणी आणाव्यात, त्यांतले तिला काय हवे आहे आणि काय पुन्हा दिसायलाही नको आहे, हे तिला खूप आधी, एखाद्या निवांत दिवशी विचारून ठेवावे.